संगणकातील किडा आणि सांगण्याचे धैर्य



गेल्या अंकात बँकेतील ठेवींच्या नामनिर्देशनाविषयी लिहिले होते. तो लेख वाचून काही वाचकांनी त्याच आठवड्यात बँकेत जाऊन अर्ज भरून दिल्याचे कळवले, याचे समाधान वाटले. या महिन्याचा विषय मात्र बँकेच्या काउंटरवरचा नाही. तो माझ्या घरातील टेबलावरचा आहे आणि त्यात उपदेश करण्याची पात्रता मी स्वतःच काही अंशी गमावलेली आहे, हे आरंभीच कबूल करतो.

माझ्या पुतण्याची मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. मार्च महिना म्हणजे नव्या हळदीच्या सौद्यांची गर्दी आणि त्याच वेळी वर्षअखेरीची घाई. सेवानिवृत्तीनंतर त्याच्या पेढीचा हिशेब वर्ष बंद होण्यापूर्वी एकदा नजरेखालून घालण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले आहे. पेढीचे दिवाणजी टॅलीमधील सर्व माहिती पेनड्राइव्हवर घेऊन माझ्याकडे येतात आणि मी ती घरच्या संगणकावर उघडून तपासतो.

गेल्या मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी पुतण्या आणि दिवाणजी न सांगता घरी आले. दिवाणजींचा चेहरा उतरला होता. पेढीचा संगणक आठ-दहा दिवस फार मंद चालत होता. दुरुस्ती करणाऱ्या मुलाला बोलावले. त्याने सर्व हिशेब पेनड्राइव्हवर उतरवून घेतला, संगणक फॉरमॅट केला, त्यावर नवे अँटिव्हायरस बसवले आणि तो गेला. दिवाणजींनी हिशेब परत चढवण्यासाठी पेनड्राइव्ह लावला, तेव्हा पडद्यावर लाल सूचना झळकली आणि पाहता पाहता पेनड्राइव्ह रिकामा दिसू लागला.

“साहेब, अँटिव्हायरसनं हिशेब खाल्ला,” एवढेच ते म्हणाले.

वर्षभराचा हिशेब त्यात होता. कोणत्या शेतकऱ्याची किती पोती आली, कोणाची पट्टी द्यायची राहिली, कोणाला उचल दिली आहे, हे सारे त्या एका पेनड्राइव्हवर होते आणि त्याची दुसरी प्रत कोठेही नव्हती. दुरुस्तीवाल्या मुलाने फोनवरून सल्ला दिला होता की पेनड्राइव्ह खराब झाला असेल, तो फॉरमॅट करून पाहा. पुतण्या ते करण्याच्या बेतात होता.

माझा संगणक तेव्हा बंद होता, म्हणून अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या माझ्या नातीने स्वतःचा लॅपटॉप आणला. तिने पेनड्राइव्ह लावला आणि फायली शोधण्याऐवजी प्रथम त्याच्या चिन्हावर उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडले. बत्तीस जीबीच्या त्या पेनड्राइव्हवर सुमारे सहा जीबी जागा व्यापलेली दिसत होती.

“आजोबा, रिकामा असता तर एवढी जागा कशी भरली असती?”

आयुष्यभर शिलकेचा मेळ घालणाऱ्या माणसाला हा प्रश्न सुचायला हवा होता. तिजोरी रिकामी दिसते, पण वजन काट्यावर भरते, याचा अर्थ माल आत आहे, फक्त दिसत नाही. तिने दडवलेल्या फायली दाखवण्याची सोय चालू केली आणि पेढीच्या हिशेबाचे फोल्डर फिकट रंगात पडद्यावर उमटले. दिवाणजींनी डोळे मिटून घेतले. पुतण्या कितीतरी वेळ काही बोलला नाही.

आनंद फार टिकला नाही. नातीने पुढचा प्रश्न विचारला, “आजोबा, हा पेनड्राइव्ह तुमच्या संगणकाला कधी लावला होता का?”

लावला होता. मार्चच्या पहिल्या आठवड्यात. त्या वेळी फोल्डरच्या चिन्हाच्या कोपऱ्यात एक छोटा बाण दिसला होता, हे आता आठवले. त्यावर दोनदा टिचकी मारली, फोल्डर नेहमीसारखे उघडले, म्हणून मी त्याकडे दुर्लक्ष केले. माझ्या संगणकातील अँटिव्हायरसची मुदत आठ महिन्यांपूर्वी संपली होती. कोपऱ्यात रोज येणारी सूचना मी रोज फुलीवर टिचकी मारून बंद करीत होतो. तीस वर्षांहून अधिक काळ लोकांना ‘विम्याचा हप्ता चुकवू नका’ असे सांगणाऱ्या माणसाची ही स्थिती!

नातीने माझा संगणक चालू केला, त्याची इंटरनेटची जोडणी काढली आणि एक जुना पेनड्राइव्ह लावला. त्यावर एका फोल्डरात एकच छायाचित्र होते. काही क्षणांतच मूळ फोल्डर नाहीसे झाले आणि त्याच नावाचे, बाण असलेले दुसरे चिन्ह तेथे आले. किडा माझ्याच घरात होता.

येथे थोडे थांबून हा प्रकार काय आहे ते सांगतो. आपण सर्वांनाच सरसकट ‘व्हायरस’ म्हणतो, पण त्यात भेद आहे. व्हायरस दुसऱ्या फायलीला चिकटून राहतो आणि ती फाइल कोणी उघडली की जागा होतो. ज्याला इंग्रजीत ‘वर्म’ म्हणतात, तो किडा स्वतंत्र असतो. तो आपल्या प्रती आपणच काढतो आणि जाळ्यातून, ई-मेलमधून किंवा पेनड्राइव्हवर बसून पुढच्या संगणकाकडे जातो. या किड्यात जीव नाही, त्यामुळे तो नष्ट करताना मनात किंतु आणण्याचे कारण नाही.

हा प्रकार नवा नाही. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या किड्याने त्या काळच्या इंटरनेटवरील हजारो संगणक ठप्प केले होते. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये ‘कॉन्फिकर’ आला. तो जाळ्यातून पसरलाच, पण त्याच्या पुढच्या आवृत्त्या पेनड्राइव्हवरूनही पसरल्या. १२ मे २०१७ रोजी आलेल्या ‘वॉनाक्राय’ने जगभरातील लाखो संगणकांतील फायलींना कुलूप घालून खंडणी मागितली. यातील लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, कॉन्फिकर ज्या फटीतून शिरला ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००८ मध्येच दिली होती आणि वॉनाक्रायविरुद्धची दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी, म्हणजे हल्ल्याच्या जवळजवळ दोन महिने आधी उपलब्ध होती. ज्यांनी ‘अपडेट’ पुढे ढकलले, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या घरी किडा शिरला. मी ज्या फुलीवर रोज टिचकी मारीत होतो, तीच ही फुली.

पेनड्राइव्हवरील किड्याची युक्ती साधी आहे. पूर्वी पेनड्राइव्ह लावताच त्यावरील प्रोग्राम आपोआप चालू होई. विंडोज ७ पासून ही सोय बंद झाली. तेव्हा किड्याने आपल्याच हाताने दार उघडून घेण्याची युक्ती काढली. तो आपले खरे फोल्डर दडवतो आणि त्याच नावाचा ‘शॉर्टकट’ समोर ठेवतो. आपण तो उघडला की आधी किडा चालू होतो आणि मग आपले खरे फोल्डर उघडते. त्यामुळे आपल्याला संशयही येत नाही. पेढीवरील नव्या अँटिव्हायरसने शॉर्टकट आणि किडा पुसला, मात्र दडवलेली फोल्डरे दडलेलीच राहिली. हिशेब ‘खाल्ला’ गेला असे वाटले ते यामुळे. अशा वेळी फॉरमॅट केले असते तर तो खरोखरच गेला असता.

आता माझा संगणक आम्ही कसा स्वच्छ केला, ते क्रमाने सांगतो. आपल्या घरी अशी वेळ आल्यास हाच क्रम उपयोगी पडावा.

प्रथम, संगणकाची इंटरनेटची जोडणी काढावी आणि त्याला लावलेले सर्व पेनड्राइव्ह काढून बाजूला ठेवावेत. ‘प्रत काढून ठेवू’ म्हणून नवा, चांगला पेनड्राइव्ह त्या संगणकाला लावू नये, कारण तोही बाधित होईल. त्या संगणकावरून बँकेचा कोणताही व्यवहार करू नये.

दुसरे, मुदत संपलेले अँटिव्हायरस संगणकातून रीतसर काढून टाकावे. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर’ हा पहारेकरी मुळातच दिलेला असतो, पण दुसरे अँटिव्हायरस बसवलेले असले की तो बाजूला होतो. मुदत संपलेला रखवालदार दारात बसून राहिला, तर दुसरा कामाला येईलच याची खात्री नसते, असा हा प्रकार आहे. ते काढल्यावर संगणक पुन्हा सुरू करावा, डिफेंडर चालू झाला आहे याची खात्री करावी आणि केवळ त्याची माहिती अद्ययावत करण्यापुरते इंटरनेट जोडावे.

तिसरे, ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ आणि त्याखाली ‘स्कॅन ऑप्शन्स’ असे पर्याय आहेत. तेथे ‘क्विक’ न निवडता ‘फुल स्कॅन’ निवडावा. त्याला काही तास लागू शकतात. त्यानंतर ‘ऑफलाइन स्कॅन’ करावा. यात संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज जागे होण्यापूर्वीच तपासणी होते, त्यामुळे चालू संगणकात लपून बसणाऱ्या किड्याला लपायला जागा राहत नाही. आमच्याकडे किडा फुल स्कॅनमध्येच सापडला, तरीही ऑफलाइन स्कॅन केला.

चौथे, दुसऱ्याकडून तपासून घ्यावे. बँकेत एकाने लिहिलेली नोंद दुसरा तपासतो, तोच नियम येथे लावावा. ‘मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर’ हे मोफत साधन आहे. ते उतरवून घेतल्यापासून दहाच दिवस चालते, म्हणून प्रत्येक वेळी नवे घ्यावे. भारत सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले. त्याच्या संकेतस्थळावरही अशी साधने मोफत मिळतात. ही केवळ एकदा तपासणी करणारी साधने आहेत. ती कायमच्या पहाऱ्याची जागा घेत नाहीत.

पाचवे, संगणक स्वच्छ झाल्यावरच घरातील एकेक पेनड्राइव्ह लावावा आणि न उघडता त्याच्या चिन्हावर उजवे बटण दाबून तपासणीचा पर्याय निवडावा. त्यानंतर दडलेली फोल्डरे बाहेर काढावीत. किडा त्यांना ‘प्रणालीची फाइल’ असा शिक्का मारून ठेवतो, त्यामुळे नेहमीच्या खुणेने ती उघडी होत नाहीत. ‘ॲट्रिब’ नावाच्या आज्ञेने हा शिक्का काढता येतो. ती कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत द्यावी लागते. सवय नसेल तर घरातील जाणत्या मुलाकडून हे काम करून घ्यावे. त्याला ‘ॲट्रिबने एच आणि एस काढ’ एवढे सांगितले तरी पुरेल.

सहावे, नातीने आरंभी केली तीच परीक्षा पुन्हा करावी. एक साधे छायाचित्र फोल्डरमध्ये घालून तो पेनड्राइव्ह लावावा आणि संगणक दोनदा बंद-चालू करून पाहावे. फोल्डर जसेच्या तसे राहिले तर ठीक. बाण पुन्हा दिसला, तर संगणकातील महत्त्वाच्या फायली जाणकाराच्या मदतीने बाहेर काढून विंडोज नव्याने बसवणे हाच खरा उपाय. त्यात कमीपणा मानू नये.

सातवे, बाधित संगणकावर वापरलेले सर्व पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदलावेत. आधी ई-मेलचा, कारण इतर सर्व पासवर्ड बदलण्याची किल्ली त्याच्याकडे असते. मग बँकेचे, जीएसटीचे आणि आयकराचे. जेथे मोबाइलवर दुसरा संकेत मागण्याची सोय आहे, तेथे ती सुरू करावी.

हे सारे होईपर्यंत रात्रीचे साडेअकरा वाजले होते. संगणक स्वच्छ झाला, हिशेब मिळाला, म्हणून प्रकरण संपले असे मला वाटले. झोपण्यापूर्वी मात्र मनात आले की तीन आठवड्यांत माझे पेनड्राइव्ह कोठे कोठे गेले? भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरच्या पानामागे यादी केली. सनदी लेखापालांचे कार्यालय. समाजाच्या ज्या वसतिगृहाचा हिशेब मी विनामूल्य पाहतो, त्याचे कार्यालय. नात ज्या झेरॉक्सच्या दुकानात प्रकल्प छापून आणते, ते दुकान. किडा माझ्याकडे दुसऱ्याकडून आला होता, हे खरे. पण या तीन ठिकाणी तो गेला असेल, तर माझ्या हाताने गेला होता.

सकाळी पुतण्याला हे सांगितले, तेव्हा तो अस्वस्थ झाला. “काका, तुम्ही फोन केलात तर चार ठिकाणी बोललं जाईल. यार्डात कळलं की लोक म्हणतील, यांच्या पेढीचा हिशेब फुटला. सीझन चालू आहे. पतीचा प्रश्न आहे.”

त्याचे म्हणणे अगदीच वावगे नव्हते. आपल्यासारख्या व्यापारी घरांत पत ही भांडवलाहून मोठी असते. मी त्याला बँकेतली एक गोष्ट सांगितली. रोखपालाच्या पेटीत संध्याकाळी पैसे कमी भरले आणि त्याने त्याच संध्याकाळी येऊन सांगितले, तर ती चूक असते आणि तिची नोंद होऊन प्रश्न मिटतो. तीच तूट त्याने दोन दिवस झाकून ठेवली, तर रक्कम तेवढीच राहते, पण प्रकरणाचे नाव बदलते. माझ्या नोकरीत चुकीमुळे उठलेली माणसे मी फार थोडी पाहिली. झाकण्यामुळे उठलेली बरीच पाहिली.

दिवाणजी शेजारीच बसले होते. ते हळूच म्हणाले, “साहेब, बाण मला फेब्रुवारीतच दिसले होते. बाहेर पट्ट्या छापायला पेनड्राइव्ह दिला होता, त्यानंतर. मालक रागावतील म्हणून बोललो नाही.”

पुतण्याचा चेहरा लाल झाला. मी त्याला हाताने थांबवले. दिवाणजी वीस वर्षे त्या पेढीवर आहेत. त्यांनी बाण पाहिला आणि भीतीमुळे ते गप्प राहिले. मी मुदत संपल्याची सूचना पाहिली आणि आळसामुळे गप्प राहिलो. दोघांपैकी अधिक दोषी कोण, याचा निवाडा सोपा आहे. माझ्यावर कोणी रागावणारे नव्हते, तरीही मी काही केले नाही. हे मी दिवाणजींसमोरच पुतण्याला सांगितले.

मग फोन केले. सनदी लेखापालांच्या कार्यालयात त्यांच्या अँटिव्हायरसने किडा दारातच अडवला होता. कोणाच्या पेनड्राइव्हमधून तो आला, एवढेच त्यांना कळले नव्हते. झेरॉक्सवाल्या तरुणाने हसून सांगितले की त्याच्या संगणकात असे रोजच येते. हे ऐकून नातीने त्या दुकानात पेनड्राइव्ह द्यायचे बंद केले. आता ती फाइल ई-मेलने पाठवते.

वसतिगृहाचा फोन मात्र मला अजून टोचतो. तेथील लिपिकाच्या संगणकावरही मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून बाण दिसू लागले होते. कोणीतरी ‘शॉर्टकट पुसून टाका’ असे सांगितले, त्याने ते पुसले आणि विद्यार्थ्यांची संपूर्ण यादी, शुल्काच्या नोंदी ज्या पेनड्राइव्हवर होत्या तो रिकामा दिसू लागला. आपल्याच हातून माहिती पुसली गेली, अशी त्याची समजूत झाली. विश्वस्तांना सांगायचे धैर्य झाले नाही. गेले आठ दिवस तो रात्री कार्यालयात बसून जुन्या पावत्यांवरून सारी यादी पुन्हा टंकित करीत होता. नात आणि मी त्याच दुपारी तेथे गेलो. वीस मिनिटांत मूळ यादी जशीच्या तशी परत मिळाली. तो तरुण पडद्याकडे पाहतच राहिला. मग मला म्हणाला, “साहेब, आधी कळलं असतं तर…” आणि पुढे बोलला नाही. मीही काही बोलू शकलो नाही.

पतीचे काय झाले, हेही सांगतो. पुतण्याने नंतर स्वतःहून यार्डातील तीन अडत्यांना ही गोष्ट सांगितली. त्यातील दोघांकडे तेच बाण निघाले. एकाने त्याला घरी बोलावून चहा पाजला. हिशेब फुटल्याची चर्चा कोठेही झाली नाही.

आता अनेकांच्या मनातील प्रश्न: घरासाठी कोणते अँटिव्हायरस घ्यावे? मी कोणत्याही कंपनीची शिफारस करणार नाही, पण निवड कशी करावी ते सांगतो.

घरगुती वापर साधा असेल, विंडोज अद्ययावत असेल आणि अनोळखी फायली उघडण्याची सवय नसेल, तर विंडोजबरोबर आलेला डिफेंडर बहुतेक घरांना पुरेसा आहे. त्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत. मात्र विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. भिंतीलाच भगदाड असेल, तर पहारेकरी बदलून उपयोग नाही. अशा संगणकावर पेढीचा हिशेब ठेवू नये.

ज्या संगणकावर पेढीचा हिशेब आहे, ज्याला बाहेरचे पेनड्राइव्ह वारंवार लागतात किंवा ज्याच्याशी बँकेचे मोठे व्यवहार जोडलेले आहेत, तेथे विकतचे घेण्यात अर्थ आहे. त्याबरोबर फोनवर मराठी-हिंदीत मदत मिळत असेल, तर ज्येष्ठांना तिचा उपयोग होतो. या क्षेत्रात आपल्याकडील कंपन्याही आहेत. पुण्याच्या काटकर बंधूंनी उभारलेली ‘क्विक हील’ आपल्या परिचयाची आहे. थोरले कैलास काटकर यांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली आणि २०१६ मध्ये त्यांची कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. चेन्नईची ‘के७’ ही दुसरी. परदेशी कंपन्याही अनेक आहेत.

जाहिरातीवर विसंबू नये. जर्मनीतील ‘एव्ही-टेस्ट’ आणि ऑस्ट्रियातील ‘एव्ही-कंपॅरेटिव्हज’ या स्वतंत्र संस्था अँटिव्हायरसची नियमित परीक्षा घेतात आणि निकाल सर्वांसाठी खुले ठेवतात. त्यात तीन गोष्टी पाहाव्यात: संरक्षण किती, संगणक किती मंद होतो आणि चांगल्या फाइलला चोर ठरवण्याच्या चुका किती. एका परीक्षेत पहिला आलेला पाहण्यापेक्षा दोन-तीन वर्षे सातत्याने चांगला असलेला पाहावा. कर्जदाराचा एकच ताळेबंद पाहून आम्ही कर्ज देत नव्हतो.

एका संगणकावर सतत पहारा देणारे अँटिव्हायरस एकच असावे. दोन बसवली तर ती एकमेकांवरच संशय घेतात आणि संगणक रेंगाळतो. खरेदी करताना पहिल्या वर्षाची सवलतीची किंमत न पाहता नूतनीकरणाची किंमत पाहावी. ती अनेकदा बरीच जास्त असते. आपोआप नूतनीकरणासाठी कार्डाची संमती दिली असल्यास रक्कम कापण्यापूर्वी किमान चोवीस तास आधी सूचना येते, ती वाचावी. कोणी ‘क्रॅक’ करून फुकट दिलेले अँटिव्हायरस घेऊ नये. ते चोरीचे तर असतेच, शिवाय चोराने दिलेल्या कुलपाची दुसरी किल्ली कोणाकडे आहे, हे आपल्याला ठाऊक नसते.

आणि एक मोठा धोका. संकेतस्थळ पाहताना अचानक ‘तुमच्या संगणकात इतके व्हायरस आहेत, या क्रमांकावर फोन करा’ असा फलक येतो, भोंगा वाजतो. खरे अँटिव्हायरस फोन करायला सांगून अशी घबराट पसरवत नाही. तो फलक बंद करावा, बंद होत नसेल तर संगणक बंद करावा. त्या क्रमांकावर फोन करून दूरवरच्या माणसाच्या हाती आपला संगणक मुळीच देऊ नये. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी आणि बँकेलाही कळवावे.

शेवटी, अँटिव्हायरस कितीही चांगले असले तरी हिशेबाच्या प्रतींना पर्याय नाही. त्या दिवशी आमची खरी चूक किडा शिरणे ही नव्हती. वर्षाचा हिशेब एकाच पेनड्राइव्हवर होता, ही होती. प्रती तीन असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यातील एक दुसऱ्या वास्तूत असावी. प्रत काढून झाली की ते साधन संगणकापासून वेगळे करावे, नाहीतर जे संकट संगणकावर येईल, ते त्याच्यावरही येईल. आणि महिन्यातून एकदा ती प्रत खरोखर उघडते का, हे पाहावे. न उघडणारी प्रत म्हणजे न वटणारा धनादेश.

पुतण्याच्या पेढीवर आता शनिवारी सौदे संपल्यावर प्रत काढली जाते आणि एक प्रत माझ्या कपाटात येते. बाहेरून आलेला पेनड्राइव्ह दिवाणजी प्रथम तपासणीला लावतात. मागच्या महिन्यात एकदा पुन्हा बाण निघाला, तेव्हा त्यांनी दुकानातूनच सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात पुतण्याला हाक मारून सांगितले. पुतण्या रागावला नाही.

वाचकहो, हा अंक खाली ठेवण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात, अशी विनंती आहे. घरच्या संगणकातील अँटिव्हायरसची मुदत कोणत्या तारखेपर्यंत आहे, ते पाहून ती तारीख कॅलेंडरवर लिहावी. आणि आपल्या दुकानात किंवा घरात जो माणूस संगणकावर बसतो, मग तो दिवाणजी असो, सूनबाई असोत की नातू असो, त्याला आजच सांगावे: “काही वेगळं दिसलं तर लगेच सांग. कोणी रागावणार नाही.” दुसरे वाक्य पाळणे पहिल्यापेक्षा कठीण आहे, हे मी अनुभवाने सांगतो.

पुढील अंकात ज्येष्ठ नागरिकांच्या ठेवींवरील करकपातीविषयी लिहीन. आपल्या शंका नेहमीप्रमाणे कळवाव्यात.